विषय : भुयारातली रेंज, संदर्भ : डावा खुबा

विषय : लंडनच्या भुयारी गाडीत मोबाइलला रेंज मिळण्याबाबत. संदर्भ : अर्जदाराचा डावा खुबा. वरील विषयास अनुसरून नम्रपणे सादर करण्यात येते की... नम्रपणे कसलं डोंबलाचं! नम्रपणानंच तर घात केला! पण थांबा, क्रमानं सांगतो. जन्मभर नगरपालिकेच्या गटार खात्यात टिपणं लिहिली, क्रम सुटला तर मला झोप येत नाही. तशी आता कशानंच येत नाही. खुबा!

तुम्हाला सांगतो, मी नेव्हिल क्रॅडॉक, वय बहात्तर, आणि गेलं दीड वर्ष मी स्वतःच्या हातानं डाव्या पायात मोजा घातलेला नाही. हसू नका! तुम्हाला घालता येतो म्हणून हसता. रोज सकाळी ग्वेन, म्हणजे माझी बायको, जमिनीवर गुडघे टेकते, माझा पाय मांडीवर घेते आणि मोज्यात कोंबते. "अंगठा आत घे, नेव्हिल. आत! हा अंगठा आहे की गटार खात्याचा साहेब? हलायलाच तयार नाही!" असं म्हणते, हसते, आणि उठताना पलंगाची कड धरून असा आवाज काढते की माझं हसू विरतं. तिचीही पाठ बोलायला लागलीय हो. उद्या ती पाठ बसली की घरात माणसं दोन, पाय चार, आणि मोजा एकाही पायात नाही! म्हणून हा खुबा बदलायचाय. चैन म्हणून नाही.

डॉक्टर म्हणाले, बदलू. कधी? हॉस्पिटलचा फोन येईल. फोन कधी येईल? दिवसा कधीही. कोणत्या नंबरवरून? नंबर दिसणार नाही. मग चुकला तर मी उलट फोन कुठे करू? "नंबरच दिसत नाही, तर कराल कुठे, क्रॅडॉकसाहेब?" असं मलाच विचारलं! आणि दोनदा फोन उचलला नाही की नाव यादीच्या तळाला.

ठीक. मी फोन उराशी धरून खुर्चीत बसायला तयार होतो. पण त्याच हॉस्पिटलचा दुसरा हुकूम : खुबेवाल्यांनी मंगळवारी आणि गुरुवारी व्यायामाच्या वर्गाला यायचं, चुकवलंत तर यादीतून नाव कमी. वर्ग कुठे? शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बस? आमच्याकडचा रस्ता गॅसच्या नळासाठी खणलाय, बस सगळ्या उपनगरांची विचारपूस करत जाते. राहिली भुयारी गाडी. म्हणजे बघा हं, फोन चुकला तर नाव तळाला, फोनसाठी घरी बसलो तर नावच नाही, आणि वर्गाला निघालो की मी जमिनीच्या खाली आणि फोन करणारी बाई जमिनीच्या वर!

"पण आता भुयारातही रेंज आली ना!" हे तुम्ही म्हणणार. आली की! सरकत्या जिन्याच्या भिंतीवर फलकच आहेत, एक बाई हसतेय, कानाला फोन, दात सगळे शाबूत... तिचा खुबा ठीक असणार. तुम्हाला सांगतो, रेंज आहे. नको तिथे आहे.

फलाटावर आहे, पण तिथे मी गाडीत चढायच्या गडबडीत असतो. पुढे एक वळण आहे, जिथे गाडी डुक्कर कापल्यासारखी किंचाळते, तिथे रेंजच्या सगळ्या कांड्या भरतात, पण तिथे माझा आवाज मलाच ऐकू येत नाही! आणि वळण संपून जरा शांतता झाली, आता बोलावं म्हटलं, की कांड्या गायब. बरं, त्या वळणावर येतं काय? ग्वेनच्या भावानं पिकवलेल्या भोपळ्याचा फोटो. आणि फोन कंपनीचा संदेश : आमच्या रेंजवर आपण समाधानी आहात काय? मी "नाही" लिहिलं. गेलाच नाही! रेंज नव्हती!

फोनच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी गोड, नखांवर फुलं काढलेली. फोन उलटा केला, सुलटा केला, म्हणाली, "काका, फोन उत्तम आहे. दोष तुमच्या जागेत आहे."

"मग काय करू?"

"जागा बदलून बघा ना."

"गाडीत आहे हो मी! जागा आपोआपच बदलत असते! तोच तर प्रॉब्लेम आहे!"

"मग एखाद्या जागी थांबून बघा," म्हणाली. थांबतो! बोगद्यात उतरतो, रुळावर खुर्ची टाकतो, चहा मागवतो!

असो. मागच्या मंगळवारी पहिला फोन चुकला. वर आल्यावर कळलं, फोनवर लिहिलेलं : न उचललेला फोन, नंबर अज्ञात. म्हणजे उरला एक! त्या रात्री ग्वेन नुसती पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसली. मला जास्त लागलं ते हेच.

आणि मग गुरुवार. गाडीचा डबा भरलेला, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे चिडीचूप. आमच्याकडे गाडीत बोलत नाहीत. बघतही नाहीत. शेजारच्याच्या बुटाला आग लागली तर आपले पाय जरा आवरून घेतात. समोर एक गिलाव्याचं काम करणारा दांडगा गडी, विजारीवर पांढरे ओघळ. त्याच्या बाजूला एक बाई, पिशवीत कुत्रा. कुत्राही खाली मान घालून होता, शिकवलेला असणार.

आणि फोन थरथरला. नंबर अज्ञात. कांड्या? कधी नव्हे त्या पूर्ण! वळण मागे पडलेलं, किंचाळणं नाही, आवाज इतका स्पष्ट, जणू बाई माझ्या मांडीवर बसून बोलतेय!

"क्रॅडॉकसाहेब? हॉस्पिटलमधून फिओना. बोलायला सवड आहे ना?"

"आहे, आहे!" डबाभर माणसं छताकडे बघायला लागली.

"पुढच्या आठवड्यात एका ऑपरेशनची जागा रिकामी झालीय. ज्याला जास्त त्रास, त्याला द्यायची. म्हणून विचारते, कसे आहात तुम्ही?"

आता बोला! आम्ही हवेची तक्रार करतो, गाडीची करतो, चहा पातळ झाल्याची तर लेखी करतो. पण समोरच्यानं "कसे आहात" विचारलं तर... उत्तर एकच, ते वळण आईच्या मांडीवरच लागतं हो! छातीवर कपाट पडलेला माणूसही आमच्याकडे कपाटाखालून हेच म्हणेल. मी म्हणालो,

"मजेत! तुम्ही कशा आहात?"

"मीही मजेत. म्हणजे फारसा त्रास नाही?"

"छे, चालायचंच. तुमच्यामागे कामं खूप असतील, माझ्यासाठी धावपळ नको, काही घाई नाही... पण..."

पण! तो "पण" सगळ्यात महत्त्वाचा होता! आमच्याकडे खरं बोलणं "पण"नंतर सुरू होतं, आधीचं सगळं दार उघडून टोपी काढणं असतं. मी डोळे मिटले, लाज सोडली आणि सुरू झालो, "पण मला मोजा घालता येत नाही! कूस बदलता येत नाही! संडासात बसलो की उठवायला बायको लागते, आणि तिची पाठ मोडायला आलीय, ती मला कळू देत नाही, पण पहाटे स्वयंपाकघरात कण्हते ते मला ऐकू येतं! मला ती जागा द्या हो! मी हात जोडतो!"

डोळे उघडले. कांड्या शून्य. बोगदा. "पण"च्या पुढचं एक अक्षर तिकडे गेलेलं नव्हतं. जिला सांगायचं ती सोडून डबाभर सगळ्यांना सांगून झालं होतं! तुम्हाला सांगतो, रेंज होती. नको तिथे होती. खोटं बोलेपर्यंत होती, खरं बोलायला लागलो आणि गेली.

आणि मग जे घडलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. डबा बोलला! गिलाव्याचा गडी म्हणाला, "आजोबा, 'मजेत' कशाला म्हणालात?"

"तिनं विचारलं ना!"

"तरी पण!"

"तू काय म्हणाला असतास?"

त्यानं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. "...मजेत," म्हणाला.

कुत्र्याची बाई म्हणाली, "आमचे हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना तेच म्हणाले होते."

"मग?"

"मग काय, ॲम्ब्युलन्स चहा पिऊन परत गेली. दुसरी बोलवावी लागली."

पुढच्या स्टेशनावर त्या गड्यानं मला बगलेत धरून उतरवलं, स्वतःचं काम सोडून वरपर्यंत आणलं, उघड्यावर. मी हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर, जिथे नुसत्या नोंदी वाचून दाखवतात तिथे, फोन केला. आधी सनई-चौघडा, म्हणजे त्यांचा व्हायोलिनचा, मग एक गृहस्थ. "क्रॅडॉक... हो. नोंद आहे. रुग्ण म्हणतो, मजेत. त्रास नाही. घाई नाही. जागा दुसऱ्याला दिली. तुमचं नाव आता 'घाई नसलेले' या यादीत."

"पण त्यापुढे मी म्हणालो होतो..."

"त्यापुढे नोंद नाही."

"फोन तुटला म्हणून नाही!"

"तसं असेल. पुनर्विचारासाठी अर्ज करता येईल. मग आमच्या बाई तुम्हाला फोन करून पुन्हा त्रासाबद्दल विचारतील."

"कधी?"

"दिवसा कधीही."

"मंगळवार-गुरुवार सोडून?"

"तसा रकाना नाही, साहेब."

गिलाव्याचा गडी शेजारी उभा होता. "काय म्हणतात?" मी म्हणालो, बघू म्हणतात. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, कोटावर पांढरा पंजा उमटला, आणि तो पुन्हा भुयारात गेला. ग्वेननं तो पंजा अजून झटकलेला नाही.

तेव्हापासून घरी तालीम चालू आहे. रोज सकाळी मोजा घालताना ग्वेन खालून आवाज बदलून विचारते, "क्रॅडॉकसाहेब, फिओना बोलतेय. कसे आहात?" आणि मी काहीतरी म्हणतो, की ती मोजा अर्ध्यात सोडून देते. "पुन्हा, नेव्हिल! आधी खुबा, मग शिष्टाचार! तो 'पण' आधी घे!" काल मी चिडून तिलाच विचारलं, तुझी पाठ कशी आहे? ती पलंगाची कड धरून उठत होती. अर्ध्यावर थांबली. म्हणाली, "मजेत."

तर वरील विषयासंदर्भात सद्यस्थिती अशी. पुनर्विचाराचा अर्ज दाखल आहे. फोन आलेला नाही, किंवा आला असेल तर भुयारात आला असेल. आज गुरुवार, वर्गाला निघालोय. डावा मोजा ग्वेननं घातला. मी कसा आहे म्हणता? मजेत हो. अर्ज प्रलंबित आहे.