अठ्ठावन्नाव्या पानावरचा रकाना

डोंगरातल्या नारीन गावच्या थांब्यावर गाडीत सोळा जागा होत्या आणि प्रवासी पंधरा. भरल्याशिवाय गाडी सुटत नाही, म्हणून आम्ही सोळाव्याची वाट पाहत होतो. दाराशी वाचनालयातला उर्मात उभा होता. आत बसलेल्या बुर्माकानबाईंकडून त्याला त्यांच्या हातातलं मधमाशीपालनाचं पुस्तक परत हवं होतं.

“एजे, ताई, नऊ वर्षं झाली. आज जुन्या पुस्तकांची रद्दी निघतेय, यादीत हेही आहे.”

“रद्दी? आधी अठ्ठावन्नावं पान वाच.”

“‘हिवाळ्यात एका पेटीला आठ किलो मध पुरतो.’ बरं, मग?”

“साफ चूक! आमच्या थंडीत चौदा लागतो. पहिल्या वर्षी माझ्या सहा पेट्यांतल्या माश्या उपाशी मेल्या.”

“आणि तरी हे तुमचं आवडतं पुस्तक?”

“खालची ओळ वाच. मी तेव्हा नव्हती वाचली.”

“‘माझ्यावर विसंबू नका. स्वतः वजन करा आणि इथे लिहा.’ अहो एजे, तुम्ही खरंच लिहिलंय! वाचनालयाच्या पुस्तकात!”

“लिहिणाऱ्यानंच जागा सोडलीय. स्वतःची चूक होईल असं आधीच सांगणारा दुसरा माणूस दाखव मला. माझा नवरासुद्धा नाही.”

“आठ हिवाळे भरलेत. यंदाचा रकाना रिकामा आहे.”

“आज घरी पोचले की वजन करायचंय.”

“यादीत ‘सापडलं नाही’ असं लिहितो. पण काटा मी धरणार.”

“मध चाटणार नाहीस ना?”

“अहो, चढताय की जाताय?” ड्रायव्हर ओरडला.

गाडी दहा वाजून बारा मिनिटांनी सुटली. सोळा जागा, सोळा प्रवासी.