तिसऱ्या खांबावरची खूण

फेलिशिया ॲन्सेल्म तुस्कानो, वय ४९ वर्षे, व्यवसाय प्राथमिक शिक्षिका, राहणार मधली आळी, राजोडी रस्ता, वसई (पश्चिम). आज सकाळी सव्वाअकरा वाजता आई कॅथरिन, वय ७८, हिच्यासोबत पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते ती हकीकत अशी :

वरील पत्त्यावर मी व आई दोघीच राहतो. घर आजोबांनी बांधलेले, कौलारू. वडील २००९ साली वारले. आळीत जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत असताना मी मात्र घर आहे तसेच ठेवून दुरुस्त करायचे ठरवले. आत संडास-बाथरूम नवे. पण पुढचा ओटा, लाकडी कठडा आणि ओट्यावरचे चार सागवानी खांब जुनेच. खांब बुंध्याशी कुजले होते, म्हणून सुतार प्लासिडकाका यांनी पटाशीने नंबर घालून ते उतरवले व वाडीत ताडपत्रीखाली ठेवले. कुजलेला भाग कापून नवे पाय जोडायचे होते.

दि. १७ रोजी पाहिले तर तिसरा खांब नव्हता. कामणहून एक जुन्या लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन खांब विकता का असे विचारून गेला होता. त्याच्यावर माझा संशय होता. येथील हवालदार साहेब "मॅडम, लाकूडच ना?" असे म्हणाले. त्यावर मी आवाज चढवला, हे खरे आहे.

खांबाची ओळखीची खूण विचारल्यावरून सांगितले की, जमिनीपासून तीन फुटांवर दोर घासून पडलेला खोल पट्टा आहे. ती बैल बांधल्याची खूण आहे, असे वडील सांगत. येणाऱ्या पाहुण्यांना मी ती खूण हात लावून दाखवत असे. प्लासिडकाकांना बजावले होते की, तिथे पॉलिश मारायचे नाही, हीच घराची शान आहे.

एवढे लिहून होत असता बाकावर बसलेली आई उठून टेबलाजवळ आली व म्हणाली, "ओट्यावर बैल कोन बांधतो गो? बैल विहिरीजवळ गोठ्यात असायचा."

मी तिला खाली बस म्हटले. ती बसली नाही. पुढे तिने सांगितले ते असे : वडील आम्हा मुलांना संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला देवळात पाठवत. मग तिला त्या खांबाला बांधत. दोर गोठ्यातलाच असे. आम्ही यायच्या आत सोडत. हे माझा धाकटा भाऊ जोएल दहावी होईपर्यंत चालले. किती वर्षे, असे साहेबांनी विचारले. तिने बोटे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

मला यातले काहीही माहीत नव्हते. देवळातून परत आलो की आई चुलीपाशी असे व तिच्या चोळीच्या बाह्या खाली ओढलेल्या असत, एवढे आठवते. त्याचा अर्थ मी कधी लावला नाही. मी शिक्षिका आहे, दुसऱ्यांच्या मुलांच्या हातावरचे वळ मला लांबून दिसतात.

काम सुरू होण्यापूर्वी आई एकदाच म्हणाली होती, "तो तिसरा तेवढा बदल." मी म्हटले होते, "तुला जुन्याची किंमतच नाही."

खांब आईनेच मी शाळेत असताना शेजारचे सॅन्टन यांच्या करवतीवर तुकडे करून घेतला, हेही तिने इथेच सांगितले. कशासाठी ते त्यांनी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. तुकडे तिने बंबात घातले. पाच दिवस मी त्याच पाण्याने आंघोळ केली. पानी चांगलं तापतं ना, असे ती रोज विचारत होती आणि मी हो म्हणत होते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कामणच्या व्यापाऱ्यावर मी उगाच आळ घेतला. ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायला हवी होती तो हयात नाही, आणि त्याच्या कबरीवर मी दर नोव्हेंबरला मेणबत्ती लावते. साहेब, माझे डोके चालत नाही. ओट्याचे काय करायचे ते आई सांगेल.

जबाब मला व आईला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "बैल बांधल्याची खूण" असे आहे, ते मी सांगितले तसेच लिहिले आहे. ते खोटे आहे. बाकी सर्व खरे आहे.