उलट्या होडीखाली

आमचं गाव दापोलीकडून खाली उतरलं की खाडीवर, रस्ता संपतो तिथं, आणि घराण्यात सगळे दर्यावरचेच, अब्बा बोटीवर खलाशी होते, एकदा गेले ते नंतर नुसती तारच आली, म्हंजे मग घरात मोठा मी, इस्माईल, आणि माझ्या पाठचा लतीफ. लतीफ शाळेत काय टिकला नाय. अक्षरं नाचतात म्हणायचा, मास्तरांनी फोकानं फोडला, अम्मानं रडून बघितलं, नाय म्हंजे नाय. पण होडी लांबून दिसली की कुणाची ते सांगायचा. गोड पोर हो, भांडायला गेलं तर हसायचा, मग काय भांडणार.

मी दुबईला आलो तो देऱ्यात, एका खोलीत गावचेच सगळे, खाटेवर खाट, तिथनं मग या बर्गर कंपनीत लागलो. मालक इथलाच अरब, हायवेला त्याच्या ब्रांची, सगळ्या एका साच्यातल्या, माझी याच अल ऐन-अबुधाबी रस्त्याला, पुढं. आता तुमी फोटो काढताय ते हे छप्पर, दोन्ही अंगांनी उतरतं आणि पुढं होडीच्या नाळेसारखं वर जातं, वर तो सिमेंटचा बर्गर, त्यावर तिळाचे पांढरे ठिपके, अंधार पडला की भोवती पिवळ्या ट्युबा पेटायच्या. आता एक पेटत नाय. मी फोनवर अम्माला सांगितलं, पावसाळ्यात आपण होडी वर ओढून उलटी घालतो ना, तशीच उलटी होडी आहे, तिच्याखाली मी कामाला. माझं काम काय, तर पळायचं. इथं गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाय साहेब, एसी सोडून कोण उतरेल, बाहेरून हॉर्न मारायचा, की आमी पळत जायचं, ऑर्डर घ्यायची, ट्रे आणून काचेत द्यायचा. दिवसभर हॉर्न, हॉर्न, हॉर्न. झोपेतसुद्धा उठून बसायचो मी.

मग लतीफ आला. एजंटनं सांगितलं घरचा ड्रायव्हर, शेखच्या बंगल्यावर, आणि नेला कुटं तर अल ऐनच्या पलीकडं वाळूत, शेळ्या राखायला. राहायला पत्र्याची खोली, बोलायला माणूस नाय, पासपोर्ट अरबाबाच्या, म्हंजे मालकाच्या, कपाटात. कधी चारा आणायला गाडी निघाली की बकाल्यातून, म्हंजे वाण्याच्या दुकानातून, ब्रांचवर फोन करायचा, आणि आमचा हसणारा लतीफ, काय सांगू तुम्हाला, फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा त्याचा. एक दिवस म्हणाला, भाई, मी निघतो आता, राहिलो तर मरेन. मी म्हटलं, सबर कर. तो म्हणाला, केली भाई, खूप केली.

आता पत्ता कसा सांगणार, पाटी वाचता येत नाय. मी म्हटलं, जुम्याला नमाजाच्या वेळी रस्त्यावर ये, अबुधाबीकडं जाणारी पिकअप धर, रस्त्याच्या कडेला उलटी होडी दिसली की उतर. कुणाशी बोलू नको, तू पळून आलेला, कुणी नाव विचारलं तर काय सांगशील. गुपचूप कडेला बस, हॉर्न वाजला की मी पळत बाहेर येतो, माझं तोंड दिसलं की ऊठ. तो म्हणाला, होडी ना, होडी मी ओळखतो.

त्याच महिन्यात कंपनीनं याच रस्त्यावर दुसरी ब्रांच उघडली होती, ही, आपण बसलोय ती. अल ऐनच्या अंगाची. मी तोपर्यंत बघितलीसुद्धा नव्हती हो, आमाला कुटं सुट्टी. आणि तिकडून येणाऱ्याला आधी हीच दिसणार.

तो जुमा मी विसरणार नाय. ऑर्डरी चुकवल्या, मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या, सगळा जीव रस्त्यावर. लतीफ आला नाय. मला वाटलं धीर झाला नसेल, किंवा अरबाबानं धरला असेल. मग मधे काही दिवस गेले आणि आमच्याकडं बन आणणारा मलबारी होता तो हसत हसत म्हणाला, इस्माईल, तुझ्या तोंडाचा एक माणूस नव्या ब्रांचवर बसला होता, नळाच्या भिंतीला टेकून, जुम्याला आला तो दुसऱ्या दिवशीपण तिथंच. पोरांनी पाणी दिलं, विचारलं, बोलला नाय. पण गंमत बघ म्हणे, हॉर्न वाजला की उठून उभा राहायचा, पळत कोण येतंय त्याचं तोंड बघायचा, आणि परत खाली बसायचा.

गंमत म्हणाला तो. त्याला काय माहीत.

ट्रे तिथंच टाकून मी त्याच्याच गाडीत बसून इथं आलो. त्या भिंतीपाशी पुठ्ठा पसरलेला होता, बाकी काय नाय. कुणी म्हणे दुपारी पांढरी पिकअप थांबली होती, कुणी म्हणे चालत गेला वाळूत. इस्पितळं झाली, दर्गे नायत इथं तर मशिदी झाल्या, त्याच्या अरबाबाकडं गेलो तर त्यानं दारातूनच हाकललं, शेवटी भीत भीत पोलिसात गेलो, त्यांनी बघितलं, म्हणाले हा पळालेला म्हणून नोंद आहे, खलास. अम्मा फोनवर एकच विचारायची, भेटला का रे. मी म्हणायचो, भेटेल अम्मा, इन्शाल्ला. ती तेच विचारत गेली, मी मातीलासुद्धा पोचलो नाय.

पुढं नवे मॉल आले, काचेचे बर्गरवाले आले, आमची कंपनी बसली. एकेक होडी तोडली. माझी ब्रांच तोडायची ठरली तेव्हा मॅनेजर म्हणाला, शारजाला गोडाऊनवर जा, यल्ला. मी त्याचे पाय धरले साहेब, लाज कशाची, म्हटलं मला अल ऐनच्या अंगाच्या त्या बंद ब्रांचवर वॉचमन ठेवा. तो म्हणाला, वेडा आहेस काय, तिथं आहे काय. पण ठेवलं त्यानं. लतीफला ही जागा ठाऊक, इथंच तो बसला होता, परत आला तर इथंच येईल असं वाटलं. पण मग जेवताना मनात येतं. त्याला कुणीतरी सांगितलं असेल, ही नव्हे रे, तुझा भाई पुढच्या होडीत, आणि तो तिथं गेला असेल तर? तिथं आता पूल आहे. माझा डाव चुकला असेल तर मी कुणाला विचारू?

आणि आता तोडायची म्हणून हिच्यावरपण लाल फुली मारून गेलेत, ती बघा, तुमच्या मागं. एवढी एकच राहिली सगळ्या मुलखात. तुमच्यासारखे येतात, जुनं छप्पर म्हणून फोटो काढतात, छान म्हणतात. काढा, काढा. पण इथून नको, रस्त्यावरून काढा, येणाऱ्या गाडीतून दिसते तशी.

लोकांना वाटतं चालू आहे. परवा एक गाडी थांबली, आज तुमी थांबलात, तुमच्या मुलीनं खिडकीतून विचारलं, डॅडी, इज इट ओपन, आणि तुमी हॉर्न मारलात. बंद आहे, एवढं मी इथूनसुद्धा ओरडून सांगू शकतो. पण तुमी बघितलंत ना, कसा पळत आलो ते, अनवाणी. मी आधी तुमची सगळ्यांची तोंडं बघितली, मागच्या सीटवरचीपण, मग म्हटलं, बंद आहे. राग मानू नका. लेकीला बरं ठेवो अल्ला. जाताना एकदा हॉर्न मारा, जोरात. तो आसपास कुटं बसला असेल तर उभा राहील.