झांजांवरच्या माइकमध्ये

मास्तर : थांब, थांब. परत तिथंच अडकलास.

दादा : अडकलो नाही, थांबलो. या हेडफोनमध्ये माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमतोय, मास्तर. विहिरीत पडून गातोय असं वाटतं.

मास्तर : हेडफोन मघाशीच बदलून दिलाय.

दादा : मग ही काच हलवा. मी इकडे, बहीण तिकडे तुमच्या मशिनपाशी, मधे काच! इतकी वर्षं आम्ही एका खोलीत समोरासमोर वाजवलं. माझी गिटार आणि गळा, तिचे ड्रम. तिसरा माणूस नाही. दोन अल्बम आमच्या गॅरेजमध्ये झाले, मिक्सिंग हिनंच केलं. कुणाचं काय अडलं?

मास्तर : कंपनीचं अडलं. त्यांना आवाज स्वच्छ हवाय, म्हणून मला बाहेरून आणून बसवलंय. गळा वेगळा, ड्रम वेगळे, गिटार वेगळी घेतली, की एकेकाला धुऊनपुसून घेता येतं.

दादा : म्हणजे आम्ही मळकट. ऐकलंस का चिमे? मास्तर आपल्याला आंघोळ घालणार आहेत.

धाकटी : ऐकलं. दादा, तू जरा बाहेर जाऊन ये. चहा घे.

दादा : मला कशाला घालवतेस?

धाकटी : गळा बसलाय तुझा. जा ना.

दादा : जातो बाई, जातो. मास्तर, तुम्हालाही आणतो. आणि हिच्यापासून जपून. मापात वाजवते म्हणून मापात बोलते असं समजू नका.

(दार लागतं. मास्तर मशिनवरच्या आवाजाच्या पट्ट्या एकेक करून खाली ओढतात. एकच वर ठेवतात.)

मास्तर : ये, या खुर्चीत बस. तुला काहीतरी ऐकवायचंय.

धाकटी : आता? गळ्याचं काम चाललंय ना?

मास्तर : गळ्याचंच आहे. पहिल्या दिवशी तुम्ही हट्टानं सगळी गाणी एका खोलीत वाजवलीत. तेव्हा मी ड्रमच्या वर एक माइक टांगला होता, झांजांसाठी. तेवढाच उघडतो. बाकी सगळं बंद. ऐक.

धाकटी : नको.

मास्तर : ऐक तर.

धाकटी : मला माहितीये त्यात काय आहे.

मास्तर : मग तूच सांग. मला आधी वाटलं, पोरगी वाजवताना गुणगुणते. पुष्कळ ड्रमर गुणगुणतात. पण तू गुणगुणत नाहीस. तू बोलतेस. त्यानं ओळ उचलायच्या जरा आधी ती ओळ तू बोलतेस. एकही सोडत नाहीस.

धाकटी : सवय आहे.

मास्तर : बरं, सवय. मग तिसऱ्या गाण्यात तू घसरलीस. दुसऱ्या कडव्याच्या जागी तिसऱ्याची ओळ बोललीस. आणि तोही तीच गायला. स्वतःचं गाणं, स्वतः लिहिलेलं, आणि त्याला काही खटकलंसुद्धा नाही.

धाकटी : मास्तर, ते ट्रॅक पुसून टाका.

मास्तर : पुसीन. पण काल तू माझ्या पाठीमागे उभी राहून ओठ हलवत होतीस, आणि तो काचेतून तुझ्याकडे बघून गात होता. आज मी मुद्दाम इकडचा दिवा मालवला. काचेत त्याला फक्त स्वतःचा चेहरा दिसला. गाणं पुढे गेलं का?

धाकटी : तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत.

मास्तर : घेतली. चुकलं माझं. कधीपासून चाललंय?

धाकटी : मागच्या थंडीपासून. आधी एखादा शब्द सुटायचा. मग ओळ. आता कडवीच्या कडवी. स्टेजवर गोंगाटात कुणाला कळत नाही. तो माझ्याकडे तोंड करून गातो, लोकांना वाटतं ती त्याची ऐट आहे.

मास्तर : त्याला काय वाटतं?

धाकटी : त्याला वाटतं, माझ्याकडे बघितलं की त्याला सुचतं. ऐकू आलं नाही की हेडफोनला शिव्या. म्हणून मला बाहेरचा माणूस नको होता. कंपनीशी भांडले मी. दादा म्हणाला, तुझं मिक्सिंग त्यांना आवडलं नाही म्हणून रुसलीस.

मास्तर : डॉक्टरकडे नेलंस?

धाकटी : नेलं तर त्याला कळेल.

मास्तर : कळायला नको?

धाकटी : आमच्या आईचं असंच झालं. शेवटी शेवटी ती दादाला विचारायची, "तुम्ही कुणाकडे आलात?" हा रोज नवीन उत्तर द्यायचा. एक दिवस वीजबिलवाला, एक दिवस जावई. ती हसायची. ती गेली त्या संध्याकाळी त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, मला असं व्हायला लागलं तर पहिल्या दिवशी सांगायचं. मी शहाणा असताना मला काही गोष्टी उरकायच्यात. मी हो म्हटलं.

मास्तर : आणि सांगितलं नाहीस.

धाकटी : नाही. अल्बम होऊ दे, मग सांगते.

मास्तर : अल्बमनंतर दौरा लागेल. दौऱ्यानंतर पुढचा अल्बम. पोरी, मी रागवत नाहीये. तुला वाटतं तू त्याला सांभाळतेस. पण हे जे दिवस चाललेत ना, ते त्याचे शहाणे दिवस आहेत. ते संपत चाललेत, आणि त्याला पत्ता नाही.

(दार उघडतं. दादा चहा घेऊन येतो.)

दादा : घ्या! साखर कमी आहे, तक्रार चालणार नाही. काय झालं? तोंडं का अशी? कंपनी बुडाली?

धाकटी : बस, दादा. मास्तर, तो माइक उघडा.

मास्तर : आत्ता?

धाकटी : उघडा.

दादा : हे आपलं पहिलं गाणं. नुसत्या झांजा काय ऐकायच्या? ...ही कोण बोलतेय?

धाकटी : मी.

दादा : माझ्या ओळी बोलतेस.

धाकटी : तुझ्या आधी.

दादा : ...बंद करा, मास्तर. पुरे.

मास्तर : मी बाहेर थांबू का?

दादा : थांबा इथंच. साक्षीदार असू दे एखादा. चिमे, आईचं जे झालं ते?

धाकटी : तसंच वाटतंय.

दादा : पहिल्या दिवशी सांगायचं ठरलं होतं ना?

धाकटी : हो.

दादा : मग?

धाकटी : पहिल्या दिवशी कार्यक्रम होता.

दादा : दुसऱ्या दिवशी?

धाकटी : दुसऱ्या दिवशी तू छान गायलास.

दादा : वा! आणि मी लोकांसमोर माकडासारखा नाचतोय, दोरी तुझ्या हातात. स्टेजवर लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा तुला काय वाटायचं? दया यायची माझी?

धाकटी : भीती वाटायची.

दादा : मला शहाणा असताना काय काय उरकायचं होतं?

धाकटी : तू सांगितलं नव्हतंस.

दादा : तुला सांगितलं नाही?

धाकटी : म्हणालास, वेळ आली की सांगीन.

दादा : अरे देवा.

धाकटी : दादा, मार मला. पण असा बसू नकोस.

दादा : मास्तर, किती गाणी राहिली?

मास्तर : गळा एकाच गाण्याचा राहिलाय. शेवटच्या. पण घाई नाही. आज नको.

दादा : आजच. उद्याचं मला सांगू नका. हिला आत माझ्यासमोर उभी करा.

मास्तर : एकेक ओळ घेऊ. ती सांगेल, तू गा. ओळी मी जोडीन. तिचा आवाज राहिला तर काढता येईल.

दादा : काढा नाहीतर ठेवा, तुमचा धंदा तुम्ही बघा. उद्या डॉक्टर. चिमे, तू नेणार आहेस.

धाकटी : नेते.

मास्तर : तयार? टेप चालू आहे.

धाकटी : "पाण्याखाली निळ्या फरशा, अजून हलतात..."

दादा : एक मिनिट. गायच्या आधी विचारतो. हसू नकोस.

धाकटी : नाही हसत.

दादा : या निळ्या फरशा कुठल्या?

धाकटी : तलावाच्या तळाच्या. तू मला पोहायला शिकवलंस, त्याचं गाणं आहे हे.

दादा : मी शिकवलं?

धाकटी : हो. सबंध उन्हाळा.

दादा : आणि शिकलीस?

धाकटी : शिकले, दादा.