सावकाशासन

हॅलो?... हां, बोल गुंडे... अगं, हळू! काही कळत नाहीये... कोणाला मारलंस?... मारलं नाहीस, नुसती कात्री उगारलीस. वा! मोठाच पराक्रम!

टेम्पोवाल्यावर? अगं, तो बिचारा बाबांचं मशीन न्यायला आलाय. आपणच दिलंय ना ते शिवणवर्गाला?... हो, हो... अगं ऐक ना... पायडलवर बुटासकट चढला? मग चुकलंच त्याचं. पण कात्री, गुंडे?

माहितेय गं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तरी दुकान रिकामं करायचं म्हटलं की... हो ना...

आता कुठाय तो?... बाहेर चहा पितोय? पिऊ दे. तू शटर अर्धं ओढ... ओढलंस? आता कटिंग टेबलवर आडवी हो... हो, आत्ता! पाय लोंबू देत बाहेर, तेव्हाची चिमुरडी थोडीच आहेस. चिंध्यांची उशी आहे ना अजून?... रड, खुशाल रड, पण आडवी होऊन.

डोळे मीट. सावकाशासन... हसलीस! हसलीस ना?... हो तर! भर वर्गात उभी राहून सांगितलं होतं मी, "बाई, शवासन नाही, सावकाशासन!" पोरं खो खो हसली. घरी येऊन बाबांवर फणफणले, तर म्हणतात कसे, "शव म्हणे! आपण कशाला मरायचं? आपण आपलं सावकाश." पाठदुखीसाठी योगवर्गाला गेले आणि अर्धंमुर्धं ऐकून आले... पण आई गेल्यावर त्यावरच तर तरलो आपण. शाळा सुटली की दोघी त्या टेबलवर, उशाला खडू, टेप... "पोरींनो, खांदे उसवा." हो! "श्वासाला टाके घालू नका, सैल सोडा." आणि शेजारी त्यांचं पायडल, खडखड, खडखड... त्या तालावर श्वास. तू तर घोरायलाच लागायचीस.

घे श्वास... सोड... राग येतोय? येऊ दे. पोटावर हात ठेव... आता सोड...

काय?... मला काय झालंय? सर्दी आहे... नाही गं, कुठे रडतेय... स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभी आहे... काय म्हणालीस?... "ताई, तूही खांदे उसव"?...

...बरं. पडते. इथेच, फरशीवर... हं... घेतला... सोडला... गुंडे, मला फार आठवतात गं ते.

शटर वाजवतोय ना तो? मलाही ऐकू आलं. ऊठ, आधी कुशीवर हो, मग ऊठ. त्याची माफी माग... आणि पायडलला धरून उचलू नको म्हणावं... काय? शेवटचं एकदा चालवतेस? रिकामंच?

थांब, फोन ठेवू नकोस! खाली, पायडलजवळ ठेव... हां... येतंय ऐकू... खडखड... खडखड...

...

थांबलं?... बरं. दे त्याला... नाही, फोन तू ठेव आधी. मी पडते अजून जरा... हो. सावकाश ठेव.