उपवासाला न चालणारी गोळी

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. सहज बोलून गेलेल्या शब्दाचं पाप कुणाला लागतं? बोलणाऱ्याला, की ऐकून तसं वागणाऱ्याला? — काय हो अण्णा, लगेच मान हलवू नका! आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

मुकुंदतात्या उंडाळे म्हणून एक शिंपी होते. ग्रामदेवीचं वस्त्र शिवायचा मान त्यांच्या घराकडे. आणि त्या घरची रीत अशी, की देवीचं कापड मशीनवर असेल तेव्हा पायात चप्पल नाही! अनवाणी पायडल मारायचं. तात्यांनी चाळीस वर्षं मारलं.

उपवास किती करायचे? सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, वर चतुर्थी! आणि उपवास म्हणजे काय? साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू! एकादशी, दुप्पट खाशी! — हसताय? तुमच्या घरी आज काय केलंय, विचारू का?

तर तात्यांना साखरेचा आजार निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळी दिली. "रोज घ्यायची, तात्या." पण माणूस पापभीरू हो! त्यांना वाटलं, गोळीत पीठ असतं म्हणतात, मग धान्य पोटात जाईल, उपवास मोडेल. विचारायचं कुणाला? देवळात कीर्तन चाललं होतं. तात्या उभे राहिले, हात जोडले. "बुवा, उपवासाला गोळी चालते का?"

बुवा रंगात आलेले! म्हणाले, "तात्या, गोळी कुठल्या झाडाला लागते हो? फळ असेल तर खा! आणि देवाच्या दिवशी डॉक्टरला सुट्टी!"

असाच हशा पिकला होता, मंडळी. अगदी आत्ता पिकला तसाच. तात्यासुद्धा हसले. घरी जाऊन बायकोला, गोदावरीकाकूंना म्हणाले, "उपवासाच्या दिवशी गोळी काढून ठेवत जाऊ नकोस गं. बुवांनीच सांगितलंय."

काकू म्हणाल्या, "अहो, पण बाईंना विचारलंत का?"

"देवाधर्माचं बाईंना काय कळतं?"

सहा वर्षं गेली. मग एका नवरात्राच्या आधीची गोष्ट. देवीचं हिरवं वस्त्र मशीनवर होतं. तात्या तल्लीन. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो! पायडलवर रक्त कसलं?"

"कुठंय रक्त?"

तात्यांनी पाय उचलून पाहिला. तळव्यात सुई! अर्धी मोडून आत गेलेली. कधीची, देव जाणे. बोटाला धागा लागला तरी त्याचा नंबर सांगणारा माणूस — आणि त्याच्या पायाला सुई कळली नाही! साखरेनं पायाची जाणीवच खाल्ली होती, हो. तात्या घाबरले, पण पहिलं काय केलं असेल? देवीचं कापड बाजूला सरकवलं. डाग नको पडायला.

जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यात नेलं. घोट्याच्या वरून पाय गेला.

डॉक्टरबाई भेटायला आल्या. त्यांचा जीव कळवळला. "तात्या, गोळी रोज घेत होतात ना?"

"रोज. उपवास सोडून."

"उपवास किती?"

तात्या बोटांवर मोजायला लागले. मोजता मोजता महिना निम्मा संपला. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

मग त्यांनी समजावलं, ते नीट ऐका. आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी. प्रत्येकीत एक चूल पेटलेली. आणि चुलीपाशी एक राखणदार. तो मोठा हुशार! तो जाळ बघत नाही, तो राख बघतो! राख साचली, की ओळखतो, सरपण संपत आलं. मग हाका मारतो. यकृताला म्हणतो, नवी साखर करायची थांबव. स्नायूंना म्हणतो, रक्तातली साखर उचला, कामाला लागा. माणूस चालला, राबला, खरा उपाशी राहिला, की हा राखणदार जागा होतो. आणि सारखं खात बसला, की? राखच दिसत नाही. राखणदार पेंगतो.

आणि ही गोळी काय करते? चुलीची फुंकर जरा अडवते. थोडी राख दिसते, राखणदार दचकून उठतो! बाई म्हणाल्या, "शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत, गोळी आणखीही वाटांनी काम करते. पण ढोबळमानाने असं."

तात्यांनी सगळं कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे बाई, ही गोळी पेशींना उपवासच घडवते?"

"तसंच म्हणा."

"मग खिचडी खाऊन मी उपवास मोडत होतो, आणि खरा उपवास घडवणारी तेवढी गोळी टाकत होतो!"



मंडळी, आता सांगतो. ते हशा पिकवणारे बुवा कोण, म्हणून विचारलं नाहीत तुम्ही. मीच तो.

मी गेलो त्यांच्या घरी. मशीनवर चादर घातलेली. मी पायाशी बसलो — एकाच पायाशी. म्हटलं, "तात्या, मला मारा." ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं बुवा? तुम्ही आपलं सहज म्हणालात." सहज! मला माहीत नव्हतं, तर 'माहीत नाही' म्हणायला काय झालं होतं? हशा गेला असता, दुसरं काय? मग त्यांनी माझ्या अंगरख्याकडे पाहिलं. "बाही उसवलीय. काढा, टाके घालतो. हात आहेत की अजून."

ही बघा ती बाही. हाताचे टाके आहेत. हात वर केला की मला रोज दिसतात.

माझ्यापुरतं उत्तर मला मिळालंय. तुमचं? घरात आईला, बापाला 'एक दिवस नाही घेतली तर काय होतंय' असं सहज कोण म्हणालं? आठवा. आणि उपवास करायचाच, तर गोळीचं कसं, ते डॉक्टरला विचारा. मला नका विचारू!

आज एकादशी आहे. ज्याचा फराळ झालाय आणि गोळी राहिलीय, त्यानं आरतीची वाट बघू नये. खांबापाशी पाण्याचा तांब्या ठेवलाय. तिथंच तात्या बसलेत, कुबडी शेजारी आहे. तांब्या आधी त्यांच्या हातात द्या, त्यांचीही आजची गोळी व्हायचीय. तोवर मी टाळ वाजवणार नाही.