सात नंबरच्या पेटीवरची लाल पट्टी

आपल्या नौका मंडळाचे सर्वांत जुने सभासद, ज्यांना आपण समोर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘कप्तान’ म्हणतो ते अध्यक्षमहोदय. व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे. ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आज निवृत्त होणारे आपले काका, आणि पहिल्यांदाच व्यासपीठावर बसावं लागल्याने अवघडलेल्या काकू. आणि समोरच्या बंधुभगिनींनो,

चिटणीस या नात्याने माझ्या वाट्याला कार्यक्रमपत्रिकेत आभाराची दोन मिनिटं आली आहेत. अध्यक्षमहोदय, मला थोडी जास्त लागतील. मी टेबलाला धरून बोलते, चालवून घ्या.

काकांना आपण टेस्टरकाका म्हणतो. इतरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात टेस्टर. सव्वीस वर्षं त्यांनी धक्क्यावरच्या बारा पेट्या सांभाळल्या. पाहुण्यांसाठी सांगते. शिडाची होडी धक्क्याला बांधली की पेटीतून एक जाड केबल आत जाते आणि तिच्यावर होडीतल्या बॅटऱ्या, फ्रिज, गीझर सगळं चालतं. प्रत्येक पेटीत एक स्विच असतो. वीज जिथून जाऊ नये तिथून जायला लागली की तो आपोआप पडतो. मग आपण काय म्हणतो? ‘पेटी खराब आहे.’ आणि काय करतो? केबल उपटतो आणि शेजारच्या पेटीत खोचतो. असं ज्यांनी कधीच केलेलं नाही त्यांनी कृपया हात वर करावा.

एकही हात नाही. वृत्तांतात तसं लिहून ठेवते.

काकांची रीत वेगळी. पेटी पडली की ते पेटीकडे बघतही नाहीत, होडीत शिरतात. आतलं सगळं बंद करतात आणि मग एकेक सुरू करत जातात. आधी चार्जर, मग फ्रिज, मग गीझर. ज्याला हात लावल्यावर पेटी पडेल, तो चोर. “ताई, घाई केली की दोन चोर एकदम आत येतात, मग कळत नाही कोणी काय नेलं,” असं ते मला म्हणाले होते. मी ते वहीत उतरवून घेतलं. मी रोज लिहिते. कॉलेजपासूनची सवय आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आमची होडी चार नंबरच्या पेटीवर होती. आमची म्हणजे माझी आणि दादाची. तो तिसऱ्या रांगेत वहिनीशेजारी बसला आहे. सकाळपासून चार नंबर पडत होता. मी तीनदा स्विच वर केला, तीनदा पडला. काका दुपारी येणार होते. दादाला मात्र होडीखाली जाऊन इंजिनाच्या पंख्याला गुंडाळलेलं शेवाळ काढायचं होतं आणि बाहेर आल्यावर गरम पाण्याने अंघोळ हवी होती.

“वाट बघू या का काकांची?” मी विचारलं.

“तू वाट बघ. मी तोवर म्हातारा होतो,” दादा म्हणाला. वहिनी वरून म्हणाली, “ते केव्हाच झालंय.” आणि तो हसत पाण्यात उतरला.

मी सात नंबरकडे गेले. आठवतंय ना तुम्हाला आपलं सात नंबरचं कौतुक? ‘सात कधी पडत नाही.’ कुणाची पेटी रुसली की सात. त्या दिवशी सातच्या झाकणावर एक लाल पट्टी चिकटवलेली होती, त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वापरू नये.’ तिचा एक कोपरा सुटला होता. मला वाटलं, जुनी असेल. खरंच वाटलं, की तसं वाटून घेतलं? तीन वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. मी ती पट्टी सोलून काढली, घडी करून खिशात टाकली आणि केबल खोचली. पेटी पडली नाही. मला आनंद झाला, तोही लपवत नाही. आत येऊन मी गीझर लावला.

होडीच्या बुडावर दादाच्या खरवडण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मी वर आले. दादा होडीपासून हातभर अंतरावर होता. म्हणाला, “हाताला मुंग्या येतायत गं.” मग म्हणाला, “पाय हलत नाही.” पुढे तो काही बोलला नाही, पण त्याचे डोळे माझ्याकडे होते. हनुवटी पाण्याखाली गेली. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. चांगला पोहणारा माणूस, तलावाच्या स्थिर पाण्यात, माझ्यापासून दोन हातांवर, एखाद्या ओंडक्यासारखा ताठ झालेला. वहिनीने चपला काढल्या. धक्क्यावरच्या कँटीनवाल्याने शर्ट काढला. मी कठड्यावर ओणवी होऊन हात खाली घातला होता. पाणी बोटांपासून चार इंचांवर असेल.

“ताई, पाण्याला हात लावू नका. कोणीही उतरू नका.”

काका धक्क्याच्या टोकाला होते, हातात पिशवी. ते ओरडले नाहीत. त्यांची नजर चारवर गेली, केबलवरून सरकत सातवर आली, आणि सांधेदुखीने जिना चढताना थांबणारा तो माणूस धावला. त्यांनी सातचा खटका खाली ओढला. दादा तेवढ्यात सैल पडला आणि बुडायला लागला. काकांनी गळाची लाकडी काठी त्याच्या काखेत अडकवली, आम्ही तिघांनी ओढलं. त्याने श्वास घेतला तो आवाज मला अजून स्वयंपाकघरात उभी असतानाही ऐकू येतो. नळाखाली हात धरताना मी आजही एक क्षण थांबते.

नंतर काकांनी नेहमीसारखं सगळं बंद केलं, केबल चार नंबरला लावली आणि एकेक सुरू केलं. गीझरला पेटी पडली. आतली कॉइल फुटली होती. चार नंबर सकाळपासून तेच सांगत होता. सातचा आपोआप पडणारा स्विच मेलेला होता आणि अर्थिंगची तार गंजून तुटली होती. जी वीज तारेतून परत जायची, ती आमच्या पंख्यातून पाण्यात उतरली, दादाच्या अंगावर. सात कधी का पडत नाही, याचं उत्तर हे होतं. दोन दिवस आधीच काकांनी ते शोधलं होतं. धक्क्यावरचे दिवे त्याच लाइनवर असल्याने नवीन स्विच येईपर्यंत त्यांना पेटी बंद करता येत नव्हती. म्हणून पट्टी.

आठवड्याने चौकशी बसली. दादाने काकांविरुद्ध तक्रार केली होती, आणि त्याची चूक नव्हती, त्याला जे माहीत होतं त्यावर केली होती. समितीने काकांना विचारलं, पेटीवर सूचना होती का? काका म्हणाले, “लावली होती.” मग कोणीतरी विचारलं, “मग गेली कुठे?” काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वृत्तांत लिहीत होते. माझं पेन थांबलं होतं. त्यांनी ते पाहिलं, आणि खाली बघून म्हणाले, “नक्की आठवत नाही. लावायची राहिलीही असेल.”

ते वाक्य मी लिहून घेतलं. त्याखाली लिहिलं: ‘पेटीवर सूचना नव्हती.’ खाली सही केली. काकांच्या नोकरीच्या फाइलमध्ये सव्वीस वर्षांतली एकुलती एक लेखी ताकीद गेली, ती माझ्या अक्षरात. दादा तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही. समोरून आले तर तो दोरी गुंडाळत बसतो. आणि काका दर महिन्याला आमच्या होडीची केबल तपासून जातात, दादा नसेल ती वेळ बघून.

मी एकदाच त्यांना विचारलं होतं, समितीसमोर तसं का म्हणालात? ते म्हणाले, “त्या दिवशी तुमचा हात पाण्यात जाता जाता राहिला, ताई. मला तेवढंच दिसत होतं.” आणि टेस्टर खिशात घालून निघून गेले.

माझ्या वहीत त्या रविवारची चार पानं आहेत. वाऱ्याची दिशा आहे, वहिनीच्या चपलांचा रंग आहे. पट्टीचा उल्लेख नाही. इतकी बारकाईने लिहिणारी मी, आणि तेवढंच गाळलं. पट्टी मात्र त्याच पानांत ठेवली होती.

ही ती.

मागच्या रांगांना दिसत नसेल तर वाचून दाखवते. ‘वापरू नये.’ खाली काकांची सही आहे आणि तारीख आहे, त्या रविवारच्या दोन दिवस आधीची.

दादा, ही पट्टी काढून केबल मी लावली होती. हे तुला घरी सांगायला हवं होतं. तीन वर्षं रोज सांगणार होते. घरी समोर फक्त तू असतास, आणि मला तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं. काका उद्यापासून येणार नाहीत, म्हणून आज इथे.

अध्यक्षमहोदय, ही पट्टी मी आपल्या स्वाधीन करते. ती ताकीद आजच्या तारखेने रद्द करावी आणि तिच्या जागी माझं नाव घालावं, अशी सर्वांसमक्ष विनंती आहे. चिटणीसपदाचा राजीनामा सोबतच्या पाकिटात आहे.

आता आभार. पाहुणे वेळात वेळ काढून आले, त्यांचे आभार. सभागृह उघडून देणाऱ्यांचे, हार आणणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार. काकू, आपण या माणसाला सव्वीस वर्षं रविवारीसुद्धा आम्हाला दिलंत, आपले आभार. काका, आपले आभार मानायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत, आणि मी ते शोधायचं सोडणार नाही.

शेवटी वक्ते म्हणतात, बोलताना काही राहून गेलं असेल, कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मला तसं मोघम म्हणता येत नाही. काय चुकलं ते मला माहीत आहे आणि काय राहिलं होतं ते आता सांगून झालं. माफी मागते ती तेवढ्याचीच, आणि मागते ती काकांकडे.

दादा, तू उठलास. दार उजवीकडे आहे.

नाही, व्यासपीठाच्या पायऱ्या इकडून आहेत. काका, जरा उभे राहता का? तो तुमच्याकडे येतो आहे.